दम न लागणारा माणूस

शेतात धान पिवळं पडलं, की आमच्या तुमसरच्या बँकेतले एक कॅशियर दर रविवारी आंबागडचा डोंगर पळत चढतात. पळत म्हटलेलं मात्र त्यांना चालत नाही. "पळते तं बकरी जी. हे ट्रेल रनिंग आहे." दर वळणावर ते झाडाला टेकतात, पण त्याआधी मनगटावरचं घड्याळ थांबवतात. त्यामुळे पळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या नोंदीत त्यांना आजवर एकदाही दम लागलेला नाही. मी मागून चालत जातो. इतका पराक्रम बघायला कोणीतरी लागतंच.

गेल्या रविवारी उतरताना सुट्या दगडांवरून माझा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. उभं राहवेना. मी सवयीनं म्हटलं, "आधी घड्याळ थांबवा."

"राहू द्या ना जी. बसा पाठीवर."

पायथ्यापर्यंत ते धापा टाकत, मला बोल लावत उतरले. "काय खाता जी तुमी? माहा ॲव्हरेज खड्ड्यात जाऊन राहिला." घड्याळ मात्र चालूच होतं.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांची आजवरची सर्वांत संथ नोंद आली. खाली लिहिलं होतं, 'आज वजन घेऊन सराव.'

वजनाचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं.