शुक्रवारची दाढ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या एका स्थानिक दैनिकात आरोग्याच्या बातम्या पाहत असे आणि वर्तकनगरच्या एका वसाहतीत राहत असे. तिथे दारावर मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. एका सकाळी तिने पाटी उतरवली, पण वरचे फडके काढले नाही.

"दादा, तू पेपरवाला ना? माना एक दातांचा डॉक्टर सांग."

"इथे चौकात आहेत की."

"ते झाले सगले. भावाची दाढ काढायचीय. त्याला तो एड्सवाला आजार हाय."

भाऊ तिच्यापेक्षा लहान, खाडीत होडी घेऊन जाणारा. रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला होता. आता दाढ किडून गाल सुजला होता. गोळ्या घेतल्या की सूज उतरे, थांबवल्या की पुन्हा चढे. सरकारी रुग्णालयाने मुंबईला पाठवले होते, मुंबईने नंतर या म्हटले होते. तोवर तो पेजेवर होता आणि अंगावरचे मांस आधीच उतरले होते. डॉक्टरने सांगितले होते, खाणे सुटू देऊ नका.

आजार कसा झाला, असे मी विचारले.

"पयला सगले हेच विचारतात. दाढेचं कोन विचारत नाय."

मी पुन्हा विचारले नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेलो तेव्हा बहीणभावाचा वाद चालू होता.

"डॉक्टरला सांगतोस कशाला? तोंड उघड नि गप बस."

"तोंड उघडून गप कसा बसू गं?" गालावर हात धरून तो म्हणाला. "नि त्याच्या हाताला सुई लागली तर? त्यालाबी पोरंबालं हायेत."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातून दंतवैद्यांना फोन लावले. पहिला प्रश्न बातमीदाराचा होता: असा रुग्ण आला तर तपासाल का? सगळ्यांनी होकार दिला. एकाने तर छापण्यासाठी एक चांगले वाक्यही सांगितले. दुसरा प्रश्न होता: मग उद्या पाठवू का? एकाची खुर्ची बिघडलेली होती. एकाच्या घरी साखरपुडा होता. चांगले वाक्य सांगणाऱ्याने मला एका अनुभवी मित्राचे नाव दिले. तो मित्र म्हणजे ज्याची खुर्ची बिघडली होती तोच. आजाराचा उल्लेख नकार देताना कुणीही केला नाही. मला या गोष्टीचे कुतूहल वाटू लागले आणि मी ठाण्याबाहेरही फोन करू लागलो.

डोंबिवलीच्या एक दंतवैद्य बाई म्हणाल्या, "मला भीती वाटते. दोन दिवस द्या."

विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले ते पहिले उत्तर होते.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. त्यांनी पुस्तके काढली होती, आपल्या जुन्या प्राध्यापकांना विचारले होते. "शुक्रवारी सकाळी आणा. त्या दिवशी आमच्याकडे वीज नसते, दवाखाना बंद असतो. दाढ काढायला उजेड पुरतो."

"बाकीच्या रुग्णांना कळू नये म्हणूनही?"

"हो. तेही आहेच."

शुक्रवारी आम्ही तिघे दवाखान्याच्या जिन्यात उभे होतो. बाई रिक्षातून उतरल्या त्या टॉवेलात गुंडाळलेला कुकर छातीशी धरून. खालच्या दुकानदाराने हाक मारली, "काय डॉक्टर, आज जेवण इथेच?"

"हो. जरा कडक शिजलंय."

आत कापडात बांधलेले चिमटे आणि आरसा होता. नुसत्या उकळत्या पाण्यापेक्षा कुकरमधली दाबाखालची वाफ जास्त तापते आणि जंतू नक्की मरतात. मोठ्या रुग्णालयांत यासाठी यंत्र असते, बाईंकडे ते नव्हते.

कोळीण कुकरकडे पाहत होती. "बाई, यात काय शिजवता तुमी?"

"वरणभात."

"ऐकलंस का रं? जन्मभर म्हावरं खाल्लंस, आज वरन चाख."

भाऊ हसला आणि कळ आल्यामुळे लगेच थांबला.

खुर्ची खिडकीकडे वळवली गेली. बाईंनी हातमोजे एकावर एक असे दोन जोड चढवले. विजेरी बहिणीने धरली. भुलीची सुई देऊन बाईंनी गाल बधिर होईपर्यंत वाट पाहिली. दाढ अखंड आली नाही, दोन तुकड्यांत आली.

बाई हत्यारे धूत असताना मी विचारले, "रोजच्या रुग्णांसाठी काय करता?"

"पाण्यात उकळते." चिमटा धुता धुता त्या थांबल्या. "यांनी सांगितलं म्हणून मला कळलं. उद्या येणाऱ्यांचं मला काय माहीत आहे?"

त्या कुकरच्या झाकणाची रबरी रिंग नीट बसवत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात कोळणीने पाटी उतरवली आणि या वेळी फडके आपणहून काढले. भाऊ कसा आहे, असे मी विचारले.

"सुरमईचं डोकं फोडत बसलाय. वर माना सांगतोय, कालवनात तिखट कमी हाय." बाईंसाठी तिने कोळंबी बाजूला ठेवली होती. त्या मासे खात नाहीत हे कळल्यावर तिला खरोखर अडचण झाली. "मग मी तिला देऊ तरी काय?"

पाटी डोक्यावर घेता घेता ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या गावात अजून एक हाय तसाच. खालची दाढ दुखतेय त्याची. बाई शुक्रवारीच बघते का रं?"

मी डोंबिवलीला फोन लावला.

"शुक्रवारीच असं काही नाही आता," बाई म्हणाल्या. "कुकर मी इथेच ठेवलाय, सगळ्यांसाठी. कुठल्याही दिवशी पाठवा. फक्त संध्याकाळी गर्दी असते, त्यांना जरा बाकीच्यांसोबत बाकावर बसावं लागेल."