आलू, अंडं आणि टोपलीभर चिन्नोर

"शनिवारी सासूबाई धान बुडवणार आहेत, बघायला ये," असा वैशालीचा फोन आला. वैशाली ही माझी कॉलेजची मैत्रीण, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीजवळच्या खेड्यात दिलेली. धान पेरतात, कांडतात, शिजवतात हे माहीत होतं; ते बुडवतात कशाला? तेवढ्यासाठी मी गाडी काढली.

नागपूरहून उमरेड, नागभीड, मूल करत सावलीला चारेक तास लागतात. मृग तोंडावर होता आणि ऊन नुसतं भाजत होतं, म्हणून उजाडताच निघा. नागभीडनंतर दोन्ही बाजूंना जंगल लागतं, तिथं उगाच घाई करू नका. सिंदेवाहीला गरम आलूबोंडा मिळतो. मी दोन खाल्ले आणि तिसरा बांधून घेतला.

पोचल्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात वाढता वाढता वैशालीनं सगळं सांगितलं. तिच्या सासूबाईंकडे, राधाबाईंकडे, घरचं जुनं चिन्नोर धान आहे. बारीक दाणा, आणि वास असा की भात शिजला की शेजारी विचारतात. गावात बाकी सगळे विकतचं बियाणं पेरतात. गेल्या हंगामात कापलेलं चिन्नोर पावसात भिजलं आणि एकच टोपली बियाणं हाती लागलं. ते पोचट निघालं तर हे धान या घरातून कायमचं गेलं. राधाबाई जेवल्या नव्हत्याच.

अंगणात बादली आली. साध्या पाण्यात मूठभर धान टाकलं, ते जवळजवळ सगळं तळाशी गेलं. मी टाळ्या पिटणार होते, पण वैशालीनं हात धरला. साध्या पाण्यात अर्धवट भरलेला दाणाही बुडतो. पाण्यात मीठ घातलं की पाणीच जड होतं. मग त्याहून हलका दाणा वर राहतो आणि भरलेला तेवढा खाली जातो. मीठ किती घालायचं हे अंडं सांगतं. ताजं अंडं तरंगून टिकलीएवढं पाण्याबाहेर दिसलं की मीठ बस्स.

अडचण इथंच होती. राधाबाईंनी गेल्या आषाढीला माळ घातल्यापासून या घरात अंडं येत नाही. शेजारच्या शेवंताबाई कोंबड्या पाळतात, तर राधाबाई त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत, मैत्री मात्र जन्माची. म्हणून यंदा अंड्याऐवजी आलू. राधाबाईंनी चांगला टणक, मोठा निवडला. मीठ पडत गेलं, आलू काही वर येईना. आणखी मीठ घातलं. शेवटी एकदाचा आला आणि टोपली बादलीत रिकामी झाली.

सगळं धान वरच. हातानं ढवळलं, तरी वरच. राधाबाई ओट्यावर बसल्या, पदर तोंडाला लावला. मला तर रडू यायचंच बाकी होतं.

कुडापलीकडून शेवंताबाई हे सगळं पाहत होत्या. "तो आलू गोट्यावानी जड हाये. मीठ जास्त झालं तुयं," त्या म्हणाल्या. "अंडं टाकून पाह्य ना एकदा."

"माह्या घरात नाई."

"मंग माह्या घरात टाकू."

राधाबाई उठल्या, पदर खोचला. मग त्यांनीच धान चाळणीनं उपसलं आणि आम्हाला बादली उचलायला सांगितली. शेवंताबाईंच्या अंगणात अंडं पाण्यात सोडलं तर ते टिकलीपेक्षा कितीतरी जास्त बाहेर! राधाबाई कुडाशी पाठ फिरवून उभ्या. शेवंताबाई तांब्या तांब्यानं साधं पाणी ओतत गेल्या. अंडं हळूहळू खाली जात टिकलीएवढं उरलं. ते काढून धान टाकलं. सरसर आवाज झाला आणि बरंचसं धान तळाशी गेलं.

"बुडलं का?" राधाबाईंनी पाठमोरंच विचारलं.

"बुडलं वो बाई. तू पाह्य आता, अंडं काढलं मी."

त्या वळल्या, कोपरापर्यंत हात घालून तळाचं धान मुठीत घेतलं आणि रडल्या. मीही रडले. बुडण्याचा एवढा आनंद मी कुठं पाहिला नव्हता. मग बियाणं साध्या पाण्यात तीनदा धुतलं, नाहीतर मीठ कोंब जाळतं. तरंगलेलंही धुऊन शेवंताबाईंच्या कोंबड्यांपुढे पडलं. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीवरून धानोऱ्यापर्यंत जाऊन आले. रस्ता बरा आहे, झाडांची सावली भरपूर, आणि बाजारात चारोळी झकास मिळते. तरी मन त्या बादलीतच होतं.

घरी आल्यावर मी बादलीत मीठ घालून सापडेल ते बुडवून पाहिलं: आलू, लिंबू, टोमॅटो. नवरा म्हणाला, आता मला नको बुडवूस. हे वेड आठवडाभरात उतरलं. मग वैशालीचा फोन आला. चिन्नोरचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हिरवेगार उगवले होते. मागून राधाबाईंनी फोन घेतला.

"दिवाळीनंतर येजो वो बाई. पहिला भात शेवंताच्या चुलीवर शिजवतो म्हनतो. मी बी तिथीच जेवीन."

त्यासाठी त्यांनी नवा गंज, म्हणजे आपलं पातेलं, आत्ताच घेऊन शेवंताबाईंकडे ठेवला आहे.