पुढच्या भिंतीवरची रिंग

पुसदच्या खेळाच्या दुकानात एक धोतरवाले काका भिंतीवर बसवायची बास्केटबॉलची रिंग निवडत होते. प्लास्टिकची त्यांनी नुसती बघूनच परत केली. लोखंडी मात्र दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडून पाहिली.

"मायी धाकटी लेक जिल्ह्याकडून खेळते," ते मला म्हणाले. ओळख ना पाळख!

दुकानदार म्हणाला, "काका, घराच्या मांगच्या भिंतीले लावा. पुढची चेंडूनं खराब होईन."

"पुढच्या भिंतीवर थोरलीचं नाव तिच्या लग्नात रंगवलं हाय, भाऊ. धाकटीची रिंगबी तिथंच लागन. गावाले दोघी दिसल्या पायजे."

दुकानदार रिंग कागदात गुंडाळू लागला.

"झाकतं कायले?" म्हणत काकांनी ती खांद्यात अडकवली आणि भर बाजारातून ताठ मानेनं एसटी स्टँडकडे निघाले.