अर्धा कोयता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांपुढे जीभ रेटत नाही.

सुरुवात मात्र मी नेहमीसारखीच करणार आहे, म्हणजे कम्प्युटरला शिव्या घालून. सवय झालीय. शिवाय त्या शिव्या तशा खऱ्याही आहेत, एवढं तरी ऐकून घ्या.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या भागात मला चार माणसं ओळखतात ती माझ्या शिकवण्यामुळे नाही आणि माझ्या कवितांमुळे तर नाहीच — दोन संग्रह आहेत माझे, त्यांचे गठ्ठे पलंगाखाली. ओळखतात ती एका भांडणामुळे. मराठी लिहिताना शब्दांखाली लाल रेघा ओढणारा तो तपासनीस असतो ना, त्याच्याशी माझं जाहीर भांडण आहे. आणि भांडावं असंच ते प्रकरण आहे. नेवाशाला जायचंय असं लिहा, तो म्हणतो नवसाला. 'वाचणाऱ्यांपैकीच' लिहा, खाली लाल रेघ. मराठीत एका शब्दाला चार शेपट्या लागतात हे त्या दीडशहाण्याला कुणी सांगितलेलंच नाही. 'दुसऱ्या' मधला र एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेला की डोक्यावर जाऊन बसतो. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण 'अहिल्यानगर' लिहिलं की माझ्या मशीनला अजून घाम फुटतो. आणि बोलीतला शब्द लिहून बघा. 'हाय', 'न्हाई', 'लई' — सगळं पान रक्तबंबाळ. जणू काही अर्धा जिल्हा चुकीचंच बोलतो.

हे मी लिहिलं, बोलले, कार्यशाळांतून सांगितलं. लोकांना पटलं. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी मी एक किस्सा सांगायची. लोक मला त्या किस्स्यासाठीच बोलवायचे म्हणा ना.

किस्सा असा. आमच्या कॉलेजात पाथर्डीकडची एक मुलगी होती, ऊसतोड कामगाराची. तिने वार्षिक अंकासाठी लेख दिला. आता ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही हो — इथे मी थांबायची, सभागृहावर नजर फिरवायची — कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांचा मिळून एक कोयता. मुकादम तसाच मोजतो. जोडीतलं एक माणूस गेलं की उरतो तो अर्धा कोयता. त्या मुलीने लिहिलं होतं, 'आमचा कोयता अर्धा झाला.' आणि आमच्या कम्प्युटरने काय करावं? त्याने त्याचं केलं, 'आमचा कोयता तुटला'! लोक आधी हसायचे. मग हसू आवरायचे. मग कुणीतरी चुकचुकायचं. मी पाणी प्यायची.

हा किस्सा खोटा आहे.

म्हणजे मुलगी खरी, लेख खरा, अंकात छापलेलं वाक्यही खरं. खोटा आहे तो फक्त कम्प्युटर. तो बिचारा — बघा, आज मी त्याला बिचारा म्हणतेय.

मुलीचं नाव मंगल. आई दर हंगामात आमच्या भागात ऊसतोडीला यायची, म्हणून मंगल इथल्याच वसतिगृहात राहून शिकत होती. गप्प मुलगी. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. वह्या मात्र सुरेख. तिचा लेख फुलस्केपच्या तीन पानांचा होता आणि तो द्यायला ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिथे मी एकटीच होते. पानं माझ्या हातात दिली आणि तशीच उभी राहिली. काय गं, म्हटलं.

"मॅडम, आमच्यात कोयता म्हंजी नवरा-बायकू. दोगांचा मिळून येक. येकटं मानूस ऱ्हायलं का त्यो आर्धा कोयता. तुमाला ठावं नसंल म्हनून सांगितलं."

मला ठाऊक नव्हतं. वीस हंगाम डोळ्यांसमोरून उसाच्या गाड्या गेल्या, रस्त्याकडेला तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, त्या कोप्या बघितल्या, आणि मला ठाऊक नव्हतं. जे ज्ञान मी पुढे व्यासपीठावरून थांबत थांबत वाटलं ते मला एका एकोणीस वर्षांच्या पोरीने त्या दुपारी दिलेलं आहे. तिचं नाव मी किस्स्यात कधी घेतलं नाही. 'एक मुलगी' म्हणायची.

तेव्हा तुम्ही समजून घ्या — मला माहीत होतं. नकळत झालं, घाईत झालं असलं काही नाही. मला त्या शब्दाचा अर्थ लेख वाचायच्या आधीच कळलेला होता.

मग मी लेख वाचला. पहिली दोन वाक्यं मला आजही तोंडपाठ आहेत. 'त्या साली संक्रांतीच्या आधी आमचा कोयता अर्धा झाला. मग आईच्या बाजूला मी उभी राहिले आणि मुकादमानं आमचा पुरा कोयता धरला.'

बस. बाप वारला असं लेखात पुढे कुठेही नव्हतं. ट्रॉलीखाली सापडला हे मला नंतर दुसऱ्या मुलींकडून कळलं. तेरा वर्षांची होती ती तेव्हा. रडणं नाही, नशीब नाही, देव नाही. दोन वाक्यांत बाप गेला, आई उघड्यावर पडली, त्या हंगामाची शाळा सुटली. पुढे नुसतं काम होतं, थंडी होती, मोळ्या बांधताना हाताला काय होतं ते होतं.

मला काय वाटलं असेल? कौतुक? वाटलं ना. अंगावर काटा आला. आणि पाठोपाठ जे वाटलं ते सांगायला मला एवढी वर्षं लागली. मला मत्सर वाटला. एका पोरीचा, जिच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता तिचा मला मत्सर वाटला. मी पंचवीस वर्षं शब्द जुळवत होते आणि माझ्याजवळ असं एक वाक्य नव्हतं. एकही नाही. आणि हिला ते मिळवायला काही करावंसुद्धा लागलं नव्हतं — असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. काही करावं लागलं नव्हतं! विचार करा, काय माणूस असेल मी.

अंकाचा मजकूर मीच टाइप करायची. कॉलेजने नुकताच तो मराठी तपासनीस आणला होता. मंगलची पानं टाइप केली तर सगळीकडे लाल रेघा. न्हाई, व्हय, हुतं, लई. मी एकेक करून त्या घालवत गेले. 'न्हाई'चं नाही केलं, 'लई'चं खूप केलं, 'हुतं'चं होतं केलं. प्रत्येक रेघ नाहीशी झाली की बरं वाटायचं. असं वाटायचं की मी हिच्यावर उपकारच करतेय. आणि मग सगळं पान स्वच्छ करून मी पुन्हा वर आले, पहिल्या वाक्यापाशी.

त्या वाक्याखाली रेघ नव्हती. नीट ऐका. साल, संक्रांत, कोयता, अर्धा, झाला — यातला कोणता शब्द चुकीचा आहे? मशीनला त्यात काही खुपलं नव्हतं. खुपलं मला.

मी टाइप केलं, 'त्या वर्षी संक्रांतीच्या आधी आमचा कोयता मधोमध तुटला. मग मी आईच्या मदतीला गेले आणि मुकादमाने आम्हाला नवा कोयता दिला.'

शुद्ध मराठी. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मनाशी म्हणाले, मुलांना कळायला हवं ना, अंक शहरातली मुलंही वाचतात. असली कारणं माणसाला हवी तेवढी सापडतात. पण कळायचीच काळजी होती तर खाली एका ओळीची टीप टाकता आली असती. टीप मला सुचली होती हो! सुचली होती आणि मी ती टाकली नाही.

अंक फेब्रुवारीत आला. त्या रविवारी मंगल तो घेऊन आईच्या कोपीवर गेली. सोमवारी सकाळी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती, अंक छातीशी धरून. ती काय म्हणाली ते सांगते, पण आत्ता नाही, थोडं थांबा. मी तिला सांगितलं की कम्प्युटरने केलं. एवढंच आत्ता धरा.

ती म्हणाली, "व्हय मॅडम. कम्प्युटरला कुठं ठावं आसनार." आणि गेली. माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी सरळ बघून. कम्प्युटरला ठाऊक नव्हतं, पण कुणाला ठाऊक होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं असेल का? इतकी वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारल्याचं सोंग करतेय. कळलं होतं. नक्की कळलं होतं. पुढच्या वर्षी तिने मराठी सोडून दुसरा विषय घेतला. अंकासाठी कुणी लेख मागितला तर मान हलवायची. आता ती नागापूरला एका कारखान्यात पॅकिंगला आहे असं ऐकलं. लिहीत नाही, हेही ऐकलं. मी चौकशी म्हणून विचारलं नव्हतं, ज्याने सांगितलं त्याने सहज सांगितलं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिली असेल! मी तर त्या वाकड्या अंगणावर भाषणं देत हिंडले. आधी प्राचार्यांनी विचारलं म्हणून त्यांना कम्प्युटरचं नाव सांगितलं, मग एका बैठकीत सांगितलं, तिथे लोक हळहळले, मग लेखात लिहिलं. दर वेळी किस्सा जरा घोटीव होत गेला. आणि गंमत बघा, मशीन बोलींचा गळा घोटतं असं मी जिथे जिथे ओरडले, तिथे तिथे लोक म्हणाले की मॅडमना ग्रामीण भाषेची केवढी कळकळ. शाली मिळाल्या मला. एक अजून कपाटात घडी न मोडता आहे.

गेल्या महिन्यात नगरला अशीच एक कार्यशाळा झाली. मी किस्सा सांगितला, लोक हसले, चुकचुकले. मग एक तरुण मुलगी उठली. शब्द तपासायचे असलेच प्रोग्रॅम बनवणाऱ्या गटात ती काम करते. अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? आमचा तपासनीस न ओळखलेल्या शब्दालाच रेघ मारतो. यात 'अर्धा' पण बरोबर आहे, 'झाला' पण बरोबर आहे. आणि तो नुसतं सुचवतो, आपण क्लिक केल्याशिवाय बदलत नाही. हे नेमकं कशात झालं, तेवढं सांगाल का? आम्हाला दुरुस्त करता येईल."

दुरुस्त करता येईल म्हणाली. वही उघडून, पेन धरून उभी होती, बिचारी माझ्या खोट्यातली चूक शोधायला. आत्ता सांगावं असं वाटलं का मला? वाटलं. घशापर्यंत आलं होतं. पण समोर साठ-सत्तर माणसं होती. मी म्हणाले, "जुनी आवृत्ती होती गं, आता आठवत नाही." ती थँक्यू मॅडम म्हणून बसली. टाळ्या झाल्या. जेवणात शिरा होता, मी दोनदा घेतला.

म्हणजे हे बारा वर्षांपूर्वीचं जुनं पाप आहे, तेव्हा समज नव्हती, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. गेल्याच महिन्यात मी ते पुन्हा केलंय, पूर्ण शुद्धीवर, सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन.

आता मंगल दारात काय म्हणाली ते. किस्स्यात हे कधीच नव्हतं. किस्स्यातली मुलगी नुसती हिरमुसते आणि जाते. खरी मंगल आधी हसली होती. रविवारी कोपीवर तिने लेख मोठ्याने वाचला होता. आईला वाचता येत नाही. पोरीचं नाव छापून आलं म्हणून आजूबाजूच्या कोप्यांतल्या बाया जमल्या होत्या, कुणीतरी सगळ्यांना चहा केला होता. मंगलने छापलेलं आधी बघितलंच नव्हतं, एकदम तिथेच वाचायला घेतलं. पहिलं वाक्य वाचताना अडखळली, पण बाया बसलेल्या, म्हणून जसं होतं तसं शेवटपर्यंत वाचलं.

"आईनं समदं आयकलं मॅडम," ती म्हणाली. "मग म्हनली, ब्येस लिव्हलंय. पन मंगे, तुजा बाप कुठं गेला ह्याच्यात?"

 आईला काय सांगू, हे विचारायला ती माझ्याकडे आली होती. तिला तक्रार करायची नव्हती. आई रात्री पुन्हा विचारील, तेव्हा काय सांगायचं, एवढंच तिला हवं होतं.

मी तपासायच्या वह्यांवरून मान वर केली आणि म्हणाले, कम्प्युटरने केलं गं. मग माझा तास होता, म्हणून खडू घेतला आणि वर्गावर गेले.