सुर्व्यांच्या घरचा गोंधळ

तार ताणलेली कुठलीही वस्तू गुणाजी पाचंग्याच्या हातात द्यावी, तो ती वाजवायचाच. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्याच्या खोलीत तुणतुणं, एकतारी, सारंगी, मेंडोलीन अशी एक भिंतच भरली होती. घराणं संगमेश्वराकडच्या गोंधळ्यांचं. संपात गिरणी गेली आणि हातात उरली ती ही वाद्यं.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात मुलुंडच्या सुर्व्यांनी मुलाच्या लग्नाचा गोंधळ गुणाजीला सांगितला. सुर्वे मोठं प्रस्थ. त्यांच्याकडे जमलं की भांडुपपर्यंतची घरं मिळणार, हे त्याची बायको शेवंती जाणून होती.

गोंधळाच्या दिवशीच दुपारी नळावर पोस्टमनने तिच्या हातात कार्ड दिलं. गावाहून दिरांनी लिहिलं होतं : आई सोमवारी गेली. असलं कार्ड वाचून जागीच फाडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि दहा दिवस सरेपर्यंत वाद्य वाजवायचं नाही. शेवंतीने ते फाडलं नाही. कमरेला खोचलं.

"कुणाचा गो कार्ड?" गुणाजीने खोलीच्या दारातून विचारलं.

"शेजारच्या शकूचं. चुकून आपल्यात आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी गोंधळात मांडलेल्या चौकातला नारळ घेऊन परतला. जागरणाने डोळे लाल, पण चेहरा फुललेला. "शेवंते, म्हातारी सुर्वीण रडली बघ! आईला पत्र लिही. म्हणावं, मुलुंड जिंकलं."

शेवंतीने कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते दोनदा वाचलं. "कधी आला?"

"काल दुपारी. सांगितलं असतं तर गोंधळाला गेला असतात?"

"नाय."

तो ओरडला नाही. एकेक वाद्य उतरवून त्याने खुंट्या सैल केल्या, नळावर अंघोळ केली आणि नारळ उचलला.

"अवो, कुठं?"

"मुलुंडला. नवी जोडी हाय. सुतकातला गोंधळ पोचत नाय देवीला. दुसऱ्याकडून घालून घेवदेत."

"कुणाला कळणाराय? वाट लागंल आपली!"

"मला कळलाय ना आता."

ती मागोमाग गेली आणि सुर्व्यांच्या जिन्यात थबकली. वर दारात म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, नव्या सुनेला आत पिटाळलं आणि विचारलं, "कार्ड कधी आलं?"

"काल दुपारी."

"आणि तरी रात्री वाजवलंस?"

शेवंतीने कठडा घट्ट धरला. आता तो आपलं नाव घेईल, असं तिला वाटलं.

"होय," गुणाजी म्हणाला.

"नारळ तिथंच ठेव. उंबऱ्याबाहेर."

आठवड्यात ही बातमी भांडुपपर्यंत गेली. दहा दिवसांनी गुणाजीने तारा पुन्हा चढवल्या, पण गोंधळाला बोलावणं आलं नाही. वरातीत बँडवाल्यांबरोबर तो सिनेमाची गाणी वाजवू लागला. घरी मात्र कशालाच हात लावत नसे. शेवंतीशी बोले ते कामापुरतं.

श्रावणात ती एकटीच सुर्व्यांकडे गेली आणि कार्ड आपणच लपवल्याचं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "नवऱ्याला वाचवायला आलीस होय? त्याने तोंडाने कबूल केलंय, बाई."

आणि दार लोटून घेतलं.