पाहुणचाराचा खर्च

माझ्यासोबत शिकवणाऱ्या एका सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी रोज बीडहून वडवणीजवळच्या आमच्या शाळेत जातो. सर वाद घालू लागले की हँडल सोडून दोन्ही हात हवेत नेतात. चहात साखर जास्त पडली तरी चहावाल्याला "कायद्यानं बोला" म्हणतात.

यंदा आयकराच्या दिवसांत ते गाडी चालवताना म्हणाले, "पेट्रोल नोकरीसाठीच जाळतो ना आपण? मग ते उत्पन्नातून वजा का म्हून न्हाई?"

पगारदाराला तशी वेगळी सवलत नसते, हे मी सांगितलं. त्यांनी लगेच हात सोडले. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. "असेल, सर, सवलत असेल!" मी ओरडलो. त्या भित्रेपणाची मला अजून लाज वाटते, कारण त्यावर विसंबून सरांनी बीडहून रोज येण्याचं पेट्रोल वजा करावं असा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला. "तुमी दोघंबी इथं गावातच राहता, असं लिहून दिलंय. त्यावरच घरभाडं भत्ता घेता. मग रोज बीडहून कोण येतंय?"

भत्ता तर जाणारच, वर चौकशी लागणार, हे मला दिसू लागलं. सरांनी मात्र अर्ज शांतपणे उचलून खिशात घातला.

"आमी गावातच ऱ्हातो की, साहेब. संध्याकाळी बीडला बायकोकडं पाहुणे म्हणून जातो. पाहुणचाराचा खर्च वजा होतो का, एवढंच इचारायलतो."



"होत न्हाई," मुख्याध्यापक म्हणाले. "आन् पाव्हण्यांनी उद्या प्रार्थनेच्या आधी यावं."