एका माणसाच्या हिशोबाची व्हॅन

व्हॅन चढाच्या मधोमध उभी होती. मागच्या चाकाला दगड लावलेला. इंगोले काका गाडीच्या सावलीत रुमाल अंथरून बसले होते आणि माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच गाडी बंद पाडली. एका अर्थानं ते बरोबरच होतं. ती गाडी मीच केलेली होती.

“काय झालं काका?”

“का होते? चढली, चढली अन् बसली. म्हैस बसते तशी. हूं नाई का चूं नाई.”

आधी माझा धंदा सांगतो. जुन्या पेट्रोल गाड्या मी बॅटरीवर करून देतो. याला रेट्रोफिटिंग म्हणतात. इंजिन, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर, रेडिएटर सगळं काढायचं. त्या जागी मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर बसवायचा. कंट्रोलर म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा. गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा. मग आरटीओत खेटे घालून आरसी बुकात पेट्रोलच्या जागी इलेक्ट्रिक करून आणायचं. मंजुरी असलेलं किट पुण्याची एक कंपनी पाठवते आणि वाशिमला ते बसवतो मी. शटरवर मोठा बोर्ड लावलाय. बोर्ड वाचून लोक आत येतात, कूलरची मोटर भरून देता का विचारतात आणि जातात.

मी मूळचा इथल्याच रिठद गावचा. नोकरीची सगळी वर्षं पुण्यात गेली. बायको आणि मुलगी अजून तिकडेच आहेत, मुलीच्या शाळेपायी. मी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहतो आणि मेसमध्ये जेवतो. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं, की आज आपण मल्टिमीटर सोडून कुणाशीच बोललो नाही. एकटं वाटतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

इंगोले काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मेडशीच्या फाट्यावरून आत गेलं की त्यांचं गाव. काकू मागच्या वर्षी वारल्या. मुलगा सुरतेला. घरी एक जुनी व्हॅन होती, तिचं इंजिन पार गेलं होतं. लोक म्हणाले, भंगारात काढा. काकांनी ती टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला दोरानं बांधून, माझ्याकडे आणली. अशा वेळी मी ठरलेले प्रश्न विचारतो. रोज कुठं जाता? रस्ता कसा आहे? गाडीत किती माणसं असतात?

“मेडशी, अन् वापस घरी. मंधात एक चढ हाये. मानूस मी एकटाच.”

मी तसं लिहून घेतलं. बॅटरी मोठी घेतली की ती महागही होते आणि जडही, म्हणून गिऱ्हाइकाला गरजेपुरतीच द्यायची, ही आमची पद्धत. एक माणूस, थोडा बाजार आणि एक चढ. त्या हिशोबानं मी किट मागवलं, बसवलं, पास करून दिलं. काका खूश होऊन गेले. आणि आता चढावर बसले होते.

मी लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर आलं, अंडरव्होल्टेज. हे समजायला सोपं आहे. विहिरीवर मोठा पंप लावून एकदम जोरात उपसा केला की पाणी खाली जातं, आणि थोडं थांबलं की पुन्हा वर येतं. बॅटरीचंही तसंच. फार करंट ओढला की तिचा दाब पडतो. बीएमएस नावाचा एक राखणदार आत बसवलेला असतो. दाब ठरावीक रेषेखाली गेला की तो सरळ लाइन तोडतो, नाहीतर बॅटरी खराब होईल. इथं राखणदारानं आपलं काम केलं होतं. पण एक माणूस चढवायला एवढा करंट लागलाच कशाला?

मी काकांच्या शेजारी बसलो आणि त्यांना गाडी सुरू करायला सांगितली. आम्ही दोघं आरामात चढ चढून वर आलो. मागच्या सीटवर मेथीची एक जुडी आणि लहान मुलाची एक चप्पल पडली होती. मी ते पाहिलं आणि विसरलो.

“तुमी आले का चालते,” काका म्हणाले. “तुमाले भेते का ते?”

आठवड्याभरात गाडी पुन्हा तिथंच बसली. मी पुण्याला सर्व्हिसच्या मॅडमना फोन लावला.

“लोड किती?”

“एक माणूस.”

“मग कंट्रोलर सदोष असेल. दुसरा पाठवते, बदला.”

बदलला. गाडी तिसऱ्यांदा बसली, त्याच चढावर. आता माझी झोप उडाली. आमच्या भागातली ही माझी पहिलीच चारचाकी होती. ती चढावर बसते असं एकदा पसरलं, की दुसरं गिऱ्हाईक वर्कशॉपची पायरी चढणार नव्हतं. मी काकांना म्हणालो, उद्या मी तुमच्यासोबत फिरतो. तुम्ही रोज जे करता तेच करा.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेडशीला गेलो. काकांनी चहापत्ती घेतली, एका दुकानात उगाच मोबाइलच्या कव्हरचा भाव विचारला आणि आम्ही परत निघालो. फाट्यावर पाच-सात माणसं उभी होती. आतल्या गावांना जायला एसटी सकाळ-संध्याकाळच येते. काकांनी गाडी हळू केली, बाजूला घेतली, हात मागे टाकून सरकतं दार उघडलं आणि खड्या आवाजात ओरडले, “चला, बसून घ्या, मांगं सरका!”

कुणी हललं नाही. एकानं मोबाइल काढला. एक जण निंबाच्या झाडाकडे बघायला लागला. यमुनाकाकू म्हणून काकांच्याच गल्लीतल्या बाई होत्या, डोक्यावर गाठोडं. त्या म्हणाल्या, “तुमी जा भाऊजी. येतो आमी मांगून.”

“काहून?”

“काहून म्हंजे? तुमची गाडी चढावर उतरवून देते. मंग ओझं घेऊन पायी जा लागते. तीन खेपा झाल्या. माह्या गुडघ्यात जीव नाई रायला.”

मी दारातून डोकं बाहेर काढलं. “तीन वेळा? किती जण होते तुम्ही गाडीत?”

“असतीन नऊ-दहा. पोट्टे येगळे.”

मी काकांकडे बघितलं. काका समोर काचेकडे बघत होते.

दार लावून आम्ही निघालो. चढ आला. आम्ही दोघं होतो, गाडी मजेत चढली. वर जाऊन मी गाडी थांबवायला लावली आणि चिडून बोललो. म्हणालो, काका, मी स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही सांगितलं एकटाच.

“एकटाच हाओ ना बाप्पा. दुसरं कोन हाये माह्या घरी?”

“आणि हे दहा जण?”

“ते कुठं माहे हायेत? ते फाट्यावरचे हायेत. गाडी त जातच हाये घरी. चार लोकं बसले त का बिघडलं?”

“बंद पडली तेव्हा तरी सांगायचं!”

“ते त पायी गेले होते ना तुमी याच्या आंधी. त्याईचा का संबंध?”

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती. आमच्याकडे रस्त्यात उचललेला माणूस कुणी मोजत नाही. रिकामी गाडी घेऊन फाट्यावरून पुढं निघून जाणारा माणूस गावात बदनाम होतो. दहा जण बसवले म्हणून जुनं इंजिन बंद पडत नव्हतं. ते फक्त जास्त धूर सोडायचं आणि जास्त पेट्रोल प्यायचं. बॅटरी मात्र प्रत्येक माणूस मोजते. मी इथंच वाढलेला. शिवाय समोरचा माणूस जन्मभर कंडक्टर. तो एकटा गाडीत बसून जाईल हे मला पटलंच कसं? मी स्वतः एकटा जेवतो, एकटा झोपतो. तो एकटा म्हणाला आणि मला ते खरं वाटलं, एवढंच.

संध्याकाळी मॅडमना सगळं सांगितलं.

“क्लिअर ओव्हरलोड आहे. वॉरंटी संपली. त्यांना तसं कळवा आणि केस क्लोज करा.”

“मॅडम, दहा माणसं चूकच. पण आरसी बुकात ड्रायव्हर धरून पाच आहेत. पाच तरी चढली पाहिजेत.”

“तुम्ही इनपुट एक दिलंय.”

“हो.”

“मग?”

मी म्हणालो, थोडा वेळ द्या. त्या म्हणाल्या, किट नवं मिळणार नाही, आहे त्यात बघा.

आहे त्यात बघितलं. इलेक्ट्रिक गाडीला सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. म्हणून आम्हीच लोकांना सांगतो, तिसऱ्यात टाका आणि विसरून जा. काका विसरले होते. दहा माणसं, चढ आणि तिसरा गिअर. सायकलवर डबलसीट चढ चढताना पायाचं जे होतं, तेच मोटरचं होत होतं. चढाला दुसरा गिअर टाकला तर मोटरला कमी जोर लावावा लागतो आणि करंट बराच कमी होतो. गाडी हळू जाते, पण जाते. मी कंट्रोलरची सेटिंग बदलली, एकदम झटका न देता करंट हळूहळू चढेल अशी. आणि काकांना बजावलं, “चढाच्या आधी दुसरा गिअर. आणि पाच म्हणजे पाच. सहावा खाली.”

“मले सांगता? जिंदगीभर मानसंच मोजले म्या.”

पण ट्रायल घ्यायला चार माणसं आणायची कुठून? कुणी बसायलाच तयार नव्हतं. शेवटी काकांच्या घरातली सोयाबीनची पोती काढली आणि माणसांच्या वजनाइतकी सीटवर ठेवून दोरीनं बांधली. एक पोतं पुढं काकांच्या शेजारी. मागं मला जागा नव्हती, मी गावातल्या एकाची मोटारसायकल घेऊन मागून निघालो. खाली फाट्यापर्यंत जाऊन वळलेली व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली, कुठंही न अडखळता वर गेली आणि काकांनी ती पळसाखाली थांबवली.

“लय शहाने पॅसेंजर,” ते उतरून म्हणाले. “एकानंबी खिडकी नाई मांगतली.”

मी हसलो. ते हसले नाहीत. पोत्यांकडे बघत उभे राहिले.

“साहेब, घरी गेलं का मी कुलूप उघडतो. चा मांडतो. अन् सवयीनं दोन कप मांडतो. दिवसभर आवाज नाई घरात. गाडीत लोकं बसले का भांडतात, सुनाईच्या चुगल्या करतात, मले म्हनतात आस्ते चालवा. तेवढं ऐकाले मी मेडशीले जातो. नाईतर रोज रोज मले मेडशीत का काम हाये? आता ते लोकं बसत नाईत. मंग हे गाडी असून का करू मी?”

त्यांना धीर देणारा मी कोण, मीही रोज संध्याकाळी तसंच कुलूप उघडत होतो. आम्ही पोती घरी नेऊन उतरवली. त्यांनी चहा केला आणि दोन्ही कप भरले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसून फाट्यावर गेलो. काकांनी दार उघडलं. मी खाली उतरून सगळ्यांना समजावलं, गाडी दुरुस्त झालीये, वजन भरून चढवलीये, आजपासून चारच जण बसतील. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बसा ना काकू,” मी यमुनाकाकूंना म्हणालो. “मी स्वतः सोबत आहे.”

“तेच त म्हनतो मी,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री संगं घेऊन फिरते म्हंजे गाडीचा भरोसा नाई. बरी असती त मिस्त्री कायले लागला असता?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डिप्लोमा, पुण्याचा अनुभव, कंपनीचं सर्टिफिकेट सगळं आठवून पाहिलं. यातलं काहीच त्या बाईंच्या मुद्द्याला पुरणारं नव्हतं. काका स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

मी माझी टूलबॅग काढून घेतली आणि बाजूला झालो. “तुम्ही जा काका. मी एसटीनं वाशिमला जातो.”

यमुनाकाकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, गाठोडं आत ढकललं आणि पुढच्या सीटवर, माझ्याच जागेवर, ऐसपैस बसल्या. मग एक म्हातारा, एक पोरगी, आणखी एक जण. सहावा चढायला लागला तसे काका ओरडले, “पाच म्हंजे पाच! उतर खाली. दुसऱ्या खेपेले येतो तुह्यासाठी.” आवाजात अशी जरब होती, की तो मुकाट्यानं उतरला. दार लागलं. व्हॅन अजिबात आवाज न करता निघाली. आतलं बोलणं मात्र बराच वेळ ऐकू येत होतं.

मी फाट्यावर थांबलो. एसटी आली तरी चढलो नाही, सोडून दिली. गाडी बसली तर काका फोन करतील, म्हणून हातात मोबाइल धरून होतो. फोन आला नाही. काही वेळानं रिकामी व्हॅनच परत आली, दुसऱ्या खेपेला. काकांनी मला हात केला आणि माणसं भरायला लागले.

पुढं पावसाळा गेला, तक्रार आली नाही. आधी आठवड्याला काकांचा फोन असायचा. गाडीचं सांगून झालं की ते गावातलंही काही सांगायचे, रिठदचा असून पुण्याचं बोलता म्हणून मला टोमणे मारायचे. एकदा दुपारी मीच लावला. म्हटलं, बॅटरी कशी आहे ते विचारू.

“मस्त हाये साहेब!” मागं तिघं एकदम बोलत होते आणि एक पोर रडत होतं. “मी मंग लावतो, लोकं हायेत गाडीत.”

त्यांनी नंतर काही लावला नाही. मी मॅडमना केस क्लोज झाल्याचं कळवलं. हल्ली नवं गिऱ्हाईक आलं की मी किट मागवायच्या आधी एक दिवस त्याच्या शेजारी बसून फिरतो. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यावर बॅटरीचं माप ठरवू नये, एवढं या गाडीनं शिकवलं. आणि काम झालं की मिस्त्रीनं टूलबॅग घेऊन उतरावं, ती जागा दुसऱ्या कुणाची तरी असते.